एकादशीची वही



कार्तिकात नाणे मावळातल्या एका गावी सप्ताहाच्या निमित्ताने आमचे जाणे झाले. भाताची कापणी उरकली होती. खळ्याखळ्यावर झोडणी चालू होती आणि नव्या पेंढ्याचा वास साऱ्या गावभर पसरला होता. रात्रीचे कीर्तन आटोपले, आरती झाली, माणसे पांगली आणि देवळाच्या ओट्यावर आम्ही चारपाच जण बोलत बसलो. त्यांत साठीच्या घरातले एक माळकरी गृहस्थ होते. बराच वेळ ते गप्प होते. मग हळूच म्हणाले, "माउली, येक इचारू का? रागवायचं न्हाई."

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. सडकेला लागून असलेली त्यांची जमीन काही वर्षांपूर्वी विकली गेली. जन्मात पाहिला नव्हता एवढा पैसा एका दिवसात घरात आला. स्लॅबचे घर झाले, दारात चारचाकी आली, थोरल्या मुलीचे लग्न हजार पानांचे झाले, भावकीतल्या लोकांनी हातउसने नेले ते नेलेच. धाकटीच्या लग्नाच्या वेळी खाते रिकामे. म्हणून ऐंशी हजार रुपये शेकडा चारने काढले. आज त्यांचा मुलगा राखणदार आहे, आणि तो राखतो तो बंगला त्यांनी विकलेल्याच जमिनीवर उभा आहे. एवढे सांगून ते थांबले. मग म्हणाले, "पैसा आला तवा मी त्याचा हिशोब मांडला न्हाई. म्हटलं, माळकऱ्यानं पैशाकडं काय बगायचं? हिशोब ठेवणं म्हंजी लोभच की! आता पैसाबी गेला, आन औंदा तीस वर्सांत पयल्यांदा आषाढीची वारीबी चुकली. मग माउली, आमचं चुकलं कुठं?"

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, तिन्ही खोऱ्यांत आणि लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत तो घरोघर आहे. कोणी बोलून दाखवतो, कोणी दाखवत नाही, इतकेच. यास्तव या महिन्याचा पाठ आम्ही याच प्रश्नावर देत आहो.

हिशोब म्हणजे लोभ काय?

प्रथम शंकेचे निरसन करू. हिशोब आणि लोभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोभी माणूस दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते मोजतो. हिशोबी माणूस आपल्या कणगीत काय आहे ते मोजतो. लोभाला किती मिळाले तरी पुरे म्हणता येत नाही. आणि हिशोब तर पुरे कोठे म्हणायचे हे ठरवण्यासाठीच असतो. म्हणजे नीट पाहिले तर हिशोब हा लोभाचा भाऊ नव्हे, लोभाला घातलेली वेसण आहे.

कोणी म्हणेल, हे सारे शब्दांचे खेळ झाले. संतांनी काय केले ते सांगा. तर ते सांगतो. आपल्या तुकोबारायांचे घर देहूचे, इंद्रायणीच्या काठचे. आणि ही इंद्रायणी उगम पावते ती लोणावळ्याजवळ, कुरवंड्याच्या बाजूला. म्हणजे मावळचेच पाणी देहूला जाते. तुकोबांचे घराणे दुकानदारीचे, महाजनकीचे. सावकारीची खाती होती, लोकांकडून येणे होते. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात व्यापार बुडाला, पहिली पत्नी गेली, मूल गेले. पुढे वैराग्य दृढ झाल्यावर तुकोबांनी कर्जखाती इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ती पुरती ऐकली काय?

परंपरेने सांगितलेली गोष्ट अशी आहे की, सगळी खाती बुडवली नाहीत. धाकटे भाऊ कान्होबा यांच्या वाटणीची अर्धी खाती तुकोबांनी त्यांना दिली आणि आपल्या वाटणीची अर्धी डोहात टाकली. येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. आपले अर्धे कोणते आणि भावाचे अर्धे कोणते, हे हिशोबावाचून कळले असते काय? वह्या नीट होत्या म्हणून वाटणी झाली. वाटणी झाली म्हणून त्याग झाला. भावाच्या वाटणीचा त्याग आपण करणे हा त्याग नव्हे, तो अन्याय झाला असता.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. इंद्रायणीत बुडाले ते तुकोबांचे येणे. दुसऱ्याचे देणे त्यांनी बुडवले नाही. आपले येणे सोडणे हे वैराग्य, आणि लोकांचे देणे विसरणे हा बेहिशोबीपणा. आपण मात्र पुष्कळदा उलटे करतो. भावकीकडून येणे असेल तर भांडतो आणि दुकानदाराची उधारी विचारली तर म्हणतो, "पांडुरंग बघून घेईल." पांडुरंग बघतो हे खरे, पण तो दुकानदाराकडेही बघतो!

मावळातलेच दुसरे उदाहरण संताजी जगनाडे महाराजांचे. सुदुंबऱ्यास त्यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे हे थोर टाळकरी धंद्याने तेली. ज्या हाताने अभंग लिहिले त्याच हाताने तेल मोजून दिले. माप चोख असणे आणि भजन चोख असणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. मग आपल्याला का दिसावा?

एकादशी हा हिशोबाचा दिवस करावा

आता करायचे काय, ते सांगतो. शहरातले शिकलेले लोक रोजचा रोज खर्च लिहा म्हणतात. आपल्याकडे आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलातून घरी आलेल्या माउलीने रोज वही कशी लिहावी? लिहिली तर उत्तमच. पण निदान पंधरवड्यातून एकदा तरी लिहावी. आणि पंधरवड्यातून एकदा येणारा दिवस वारकऱ्याला कोणी शिकवायला नको. तो एकादशीचा.

एकादशीला चुलीचे काम कमी असते. दुपारी तासभर सवड असते. घरातली सगळी माणसे, म्हातारे, मुलगा, सूनबाई, शाळेत जाणारी नात, एका ठिकाणी बसावीत. देवापुढे दिवा लावावा, नाव घ्यावे आणि वही उघडावी. दोन रुपयांची पेन्सिल आणि शाळेची एक वही, एवढ्यावर काम होते. लिहिता येत नसेल त्याने सांगावे, नातीने लिहावे. घरातल्या बाईला वगळून हिशोब करू नये, कारण डब्यात किती डाळ उरली हे पुरुषाला माहीत नसते आणि हिशोब खरा तेथे असतो. मोठा आढावा चार वाऱ्यांना घ्यावा: चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. वर्षाचे आपोआप चार भाग पडतात.

आणि एकादशीचाच विषय निघाला म्हणून सांगतो, "एकादशी अन् दुप्पट खाशी" हे आपल्या घरात खरे होऊ देऊ नका. साबुदाणा, शेंगदाणे, बटाट्याचे वेफर, तुपातली भगर, बाजारचे तयार उपवासाचे पदार्थ असा थाट केला तर उपवासाचा दिवस साध्या दिवसाहून महाग पडतो. पोटही जड, खिसाही हलका. उपवास देवाच्या जवळ बसण्यासाठी आहे. रताळे उकडावे, ताक प्यावे, पुरे.

वहीला चार कप्पे असावेत. पहिला पोटाचा: धान्य, किराणा, औषध, शाळा. दुसरा देण्याचा: कर्ज, उधारी, हप्ता. तिसरा बेगमीचा: पावसाळा, दुखणेखुपणे, बियाणे, घराची डागडुजी. चौथा वारीचा आणि दानाचा. पाचवा कप्पा नको. जो खर्च या चारांत बसत नाही, तो करण्याआधी एक एकादशी थांबावे. पंधरा दिवसांनी तो तितकाच जरुरीचा वाटला तर करावा. पुष्कळ खर्च पंधरा दिवसांत आपणहून मरतात.

एका घराचा जमाखर्च

त्या गृहस्थांच्या घरी दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो आणि त्यांच्या नातवाच्या वहीत पहिले पान लिहिले. घरात माणसे पाच. आकडे त्यांच्या संमतीने, थोडे ठोकळ करून, येथे देतो; कारण दुसऱ्याच्या वहीत आपले घर लवकर दिसते.

महिन्याची जमा: मुलाची राखणदारी १२,०००, सूनबाई बंगल्यांवर धुणीभांडी करते त्याचे ४,०००, दुधाचे पेंड-भुसा वजा जाता ४,०००. एकूण २०,००० रुपये.

महिन्याचा खर्च: किराणा ५,०००, भाजी व बाजारहाट १,२००, गॅस, वीज, मोबाईल १,८००, नातवाची शाळा आणि जाणेयेणे १,८००, औषधपाणी ८००, कपडालत्ता ७००, ऐंशी हजारांचे व्याज ३,२००, चारचाकीचे पेट्रोल, विमा, दुरुस्ती १,६००, आहेर व पाहुणे १,५००, हॉटेलचा चहा आणि तंबाखू १,२००, देवधर्म २००. बेरीज १९,०००.

म्हणजे वहीप्रमाणे हजार रुपये उरायला हवेत. "उरत्यात का?" आम्ही विचारले. घरातल्या माउली हसल्या. म्हणाल्या, "उरलं असतं तर ह्या वहीचं काम पडलं असतं का?" तो हजार कोठे जातो हे कोणाला सांगता येईना. हे प्रत्येक घरात असते. पहिल्या दोन महिन्यांत वहीने दुसरे काही केले नाही आणि तेवढा हरवलेला हजार शोधून दिला, तरी वहीचे पैसे फिटले.

आता या पानाकडे जरा दुरून पाहा. व्याज ३,२०० आणि गाडी १,६०० मिळून ४,८०० होतात. वीस हजारांतले चार हजार आठशे म्हणजे जवळजवळ चौथाई. पूर्वी मराठ्यांचे घोडेस्वार दूर मुलखात जाऊन चौथाई वसूल करीत. आपण घरात बसून ती दुसऱ्याला भरतो आहो! आणि देवधर्माचे दोनशे. वारी चुकली ती देवधर्माला पैसे कमी म्हणून नाही. वारी गाडीने आणि व्याजाने खाल्ली.

व्याजाचेच गणित पुढे पाहू. ऐंशी हजारांवर शेकडा चार म्हणजे महिना ३,२००, वर्षाचे ३८,४००. दोन वर्षे एक महिना झाला की व्याजच ८०,००० भरले जाते आणि मुद्दल आहे तेथेच उभे असते. पुणे जिल्ह्याला हे नवे नाही. १८७५ साली याच जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले, तो दंगा सगळ्या दख्खनभर गाजला आणि त्यातून १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा झाला. आज २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आहे. त्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. पण कायदा दंग्यानंतर येतो. वही कर्जाच्या आधी आली पाहिजे. कर्ज घ्यावेच लागले तर बँक, सोसायटी किंवा बाईमाणसांचा बचत गट पाहावा. कागद वाचल्याशिवाय अंगठा नाही की सही नाही. आणि व्याज महिन्याचे की वर्षाचे, हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा. शेकडा चार महिन्याचे म्हणजे वर्षाचे अठ्ठेचाळीस होतात.

मावळचे वर्ष ओळखून खर्च करावा

नोकरदाराचा पगार दर महिन्याला सारखा येतो. मावळच्या घरात पैसा पावसासारखा येतो: चार महिने धो धो आणि आठ महिने वाट पाहायला लावणारा. लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आणि तो पाहायला मुंबई-पुण्याची माणसे येतात. आषाढ-श्रावणात भुशी धरणाच्या वाटेवर भाजलेले कणीस, चहा, भजी यांवर कितीतरी घरे पैसा करतात. वैशाखात करवंदे-जांभळे विकतात. कार्तिकात भात घरी येते. या तीन हंगामांच्या मध्ये लांबच लांब कोरडे महिने आहेत. यास्तव हंगामाच्या रविवारी गल्ला भरला तर तो त्या रविवारचा समजू नये. त्याचे चार भाग करून तीन भाग पुढच्या महिन्यांच्या नावाने बाजूला टाकावे. कमाईच्या दिवशी आपण श्रीमंत नसतो, फक्त आगाऊ पगार मिळालेले असतो.

भाताचे गणित कार्तिकातच मांडावे. इंद्रायणी तांदळाला बाजारात नाव आहे. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून हे वाण बाहेर पडले, आणि त्याच्या वासाला शहरात गिऱ्हाईक आहे. म्हणून खळ्यावरच व्यापारी येतो आणि रोख पैसे पाहून आपला हात सैल होतो. तसे करू नये. पाच माणसांच्या घराला रोज एक किलो तांदूळ धरला तर वर्षाला ३६५ किलो लागतो. भात भरडल्यावर साधारण दोन तृतीयांश तांदूळ उतरतो, म्हणजे साडेपाच क्विंटल भात घरासाठी हवे. आधी हे कणगीत टाकावे, मग बियाणे, मग वाटेकऱ्याचे किंवा देण्याचे, आणि उरेल ते विकावे. कार्तिकात विकून ज्येष्ठात विकत घेणारा माणूस एकाच तांदळाला दोनदा पैसे मोजतो. रेशनचे धान्य ज्यांना लागू आहे त्यांनी तेही धरावे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो मिळते आणि ते घेण्यात लाज काही नाही. ते विकून मात्र खाऊ नये. भात निघाल्यावर खाचरात ओल असते, त्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल टाकावे. घरची डाळ झाली की किराण्याची निम्मी यादी कमी होते.

पावसाळ्याची बेगमी मृगाआधी करावी. आपल्या आयाबाया करीतच आल्या: तांदूळ-डाळी उन्हे देऊन भरणे, मिरची, मीठ, पापड-कुरडया, सरपण, गोवऱ्या. आता गॅस आला तरी बेगमीचे शहाणपण जुने होत नाही. आणि छप्पर! वैशाखात चार कौले किंवा एक पत्रा बदलायला कंटाळले, तर आषाढात गळक्या छपराखाली कणगी भिजते. वेळेवर केलेला खर्च हाही बचतीचाच एक प्रकार आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. काटकसर म्हणजे नुसते 'नको' म्हणणे नव्हे. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, कवळा या रानभाज्या बांधावर आणि डोंगरावर देवाने फुकट वाढून ठेवल्या आहेत. ओळखणारी म्हातारी माणसे आहेत तोवर सुनांनी आणि मुलींनी त्या ओळखायला शिकावे. विकतची पालेभाजी त्या दिवसांत महागही असते आणि कुजकीही.

किरकोळाचा डोंगर

चहा आणि पुडी मिळून रोजचे चाळीस रुपये कोणाला जड वाटत नाहीत. महिन्याला ते १,२०० होतात, वर्षाला १४,४०० होतात. तेवढ्यात घरातल्या एका माणसाची वारी तर होतेच, शिवाय नातवाची वह्या-पुस्तकेही येतात. गळ्यात माळ आणि गालात तंबाखू, हे दृश्य आपल्या दिंडीत आहे. आम्ही दुसऱ्या कोणाला बोलत नाही, आपल्याच माणसांना बोलतो. मोबाईलच्या हप्त्यावरच्या वस्तू, दुसऱ्याच्या लग्नातला बडेजाव पाहून केलेला आहेर, शर्यतीच्या नादातला पैसा, यांचेही तसेच. एकेक थेंब दिसत नाही, घागर मात्र रिकामी होते.

आणि बोलायचेच तर घरापासून बोलावे. आपल्या सप्ताहांचे काय? दहा-वीस वर्षांत मांडव मोठे झाले, फलक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागले, कर्णे दुप्पट झाले, बिदागीचे आकडे कानाला बरे वाटेनासे झाले. वर्गणीसाठी गरिबाच्या दारात जाऊन "तुमचं नाव फलकावर खाली येईल" असे म्हणणे ही हरिभक्ती नव्हे. कीर्तन विकू नये, हा तुकोबारायांचा दंडक आहे. गावाच्या सप्ताहाचाही जमाखर्च शेवटच्या दिवशी काल्यानंतर सर्वांपुढे मोठ्याने वाचावा. ज्या गावात तो वाचला जातो तेथे पुढच्या वर्षी वर्गणी मागावी लागत नाही.

काटकसर आणि कंजूषपणा

येथे कोणाला वाटेल की, मग दारात आलेल्या वारकऱ्याला पाणी द्यायचे की नाही? अहो, त्यासाठीच तर सारा खटाटोप आहे! कंजूष पैसा वाचवतो तो पैशासाठी. काटकसरी वाचवतो तो माणसासाठी. गाडगे महाराज कीर्तनातून हेच सांगत गावोगाव फिरले की, कर्ज काढून सण आणि लग्ने करू नका, पोरांना शाळेत घाला. स्वतःजवळ एक गाडगे आणि अंगावर चिंध्या. पण पंढरपूर, आळंदी, देहू येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. १९५६ साली त्यांनी देह ठेवला, धर्मशाळा आजही वारकऱ्याला आसरा देतात. एक पैसाही वाया न घालवणाऱ्याच्याच हातून एवढे दान घडते.

थोड्याचे पुष्कळ कसे होते याचा दाखला मावळातच, तळेगाव दाभाड्यास आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली: माणशी वर्षाला एक पैसा. लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले. एकेका पैशाच्या त्या ओंजळीतून १९०८ साली तळेगावास काच कारखाना उभा राहिला. एका पैशाला कोणी गरीब म्हणू शकला नाही, आणि एका पैशाने कोणी गरीब झाला नाही. मग आपल्या घरात रोजचे दहा रुपये वारीच्या डब्यात का पडू नयेत? वर्षाचे ३,६५० होतात. वारीचा पैसा वारीच्या महिन्यात शोधू नये. तो वर्षभर चालत आपल्याकडे यावा, मग आपण चालत पंढरीकडे जावे. पोस्टात महिना पाचशे भरले तर पाच वर्षांत मुद्दलच तीस हजार होते, व्याज वेगळे. नातीच्या शिक्षणाला ते उपयोगी पडते, आणि लग्न साधे केले तर त्यालाही.

जमिनीच्या पैशाबद्दल दोन शब्द

जमीन विकावी की न विकावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण विकलीच तर तो पैसा उत्पन्न समजू नये. ते दुसऱ्या रूपातले शेतच आहे. शेतातले पीक खातात, शेत खात नाहीत. तसे त्या पैशाचे व्याज खावे, मुद्दल खाऊ नये. पैसा आल्यापासून सहा एकादश्या तो बँकेतून हलवू नये आणि गावात त्याचा आकडा सांगू नये. घरातल्या बाईची आणि मोठ्या मुलांची सही असल्याशिवाय तो निघू नये अशी तजवीज करावी. लाखांचे आकडे डोळ्यांपुढे नाचतात तेव्हा एकट्या माणसाची बुद्धी ठिकाणावर राहत नाही; चौघे बसले तर निदान एकजण "थांबा" म्हणतो.

पुढे काय झाले

माघ शुद्ध दशमीला भंडारा डोंगरावरच्या सोहळ्यात ते गृहस्थ आम्हाला पुन्हा भेटले. धोतराच्या सोग्यात गुंडाळून वही आणली होती. त्यांनी गाडी विकली होती. "लोक काय म्हणत्याल, म्हणून म्हैनाभर हात होईना," ते म्हणाले. "मग मालकीण म्हणाली, व्याज भरताना लोक येत्यात का?" गाडीचे एक लाख दहा हजार आले. ऐंशी हजारांची फेड केली, कागद फाडून घेतला, तीस हजार पोस्टात ठेवले. आता व्याज आणि गाडी मिळून महिन्याचे ४,८०० वाचतात. वडापचे ४०० वाढले, चहा-पुडीतले ६०० कमी केले. हातात ५,००० राहतात. वहीत त्यांनी पुढे मांडले होते: बेगमीला २,०००, गोठ्याला आणि छपराला १,५००, नातवाच्या शिक्षणाला १,०००, वारीला ५००.

गेलेली जमीन परत आली नाही, येणारही नाही. मुलगा अजून त्याच फाटकाशी बसतो. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि आमच्याजवळ त्याला उत्तर नव्हते. पण जाताना ते म्हणाले, "औंदा पंढरीपातुर जमंल का न्हाई, ठाव न्हाई. पर देहूपसनं पुण्यापातुर तुकोबांच्या पालखीसंगं चालणार. तेवढं वहीत बसतंय."

वाचकहो, 'वहीत बसतंय' हे शब्द आम्हाला फार मोलाचे वाटले. आपल्या ऐपतीत बसणारी दोन दिवसांची वाटचाल कर्ज काढून केलेल्या वारीपेक्षा पांडुरंगाला अधिक गोड लागेल, याविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही.

घरी करावयाचा अभ्यास

येत्या एकादशीला सर्वांनी मिळून पुढील पाच प्रश्नांची उत्तरे लिहावी. १) आपण कोणाकोणाचे किती देणे लागतो आणि त्याचे व्याज महिन्याला किती? २) कणगीतले धान्य कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल? ३) गेल्या पंधरवड्यात असा कोणता खर्च झाला, जो आज आठवतही नाही? ४) पुढच्या मृगाआधी घराची कोणती डागडुजी झाली पाहिजे? ५) वारीच्या आणि दानाच्या डब्यात आज किती आहे?

उत्तरे कोणाला दाखवायची नाहीत. देवापुढे वाचायची, वही मिटायची आणि हरिपाठाला उभे राहायचे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!